वावराच्या वाटेसाठी जुनी फोर बाय फोर: घेण्यापासून पहिल्या मेंटेनन्सपर्यंत

पहिली जीप घेतली तेव्हा मी तिचा रंग बघितला, टायर बघितले, एक चक्कर मारली आणि पैसे मोजले. दीड महिन्यानं, खांदशेकणीच्या दिवशी, वावरातून परतताना मागच्या हाउसिंगमधून (मागच्या ॲक्सलच्या लोखंडी घरातून) आधी घरघर आणि मग कडकड असा आवाज आला. गाडी नाल्याच्या काठावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पोळा, बैलांना जुंपायचा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढत गाडी यवतमाळ रोडवरच्या गॅरेजात नेली. तिथल्या चाचांनी हाउसिंगच्या खालचा बोल्ट सोडला, तर आतून दुधाच्या चहासारखं काहीतरी भळाभळा बाहेर आलं. चाचा म्हणाले, "भाऊ, हे तेल नाई. हे पाणी पिलेलं हाये." ते जुन्या टोपल्यात धरलं, तर तळाशी क्राऊनचे (आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे) दोन दात चमकत होते.

विकणाऱ्यानं ती गाडी कितीतरी वेळा नाल्यात घातली होती आणि हाउसिंगचं तेल कधीच बदललं नव्हतं. मी घेण्यापूर्वी तो एक बोल्ट सोडला असता, तर दहा मिनिटांत सगळं कळलं असतं. त्यानंतर मी स्वतःसाठी आणि नात्यागोत्यासाठी मिळून बऱ्याच जुन्या गाड्या बघितल्या. आता कोणतीही गाडी मी आधी खालून बघतो, मग वरून.

खरंच फोर बाय फोर लागते का?

फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी. ती लागते का, हा प्रश्न आधी सोडवा. आपली काळी माती जुलैत टायरला अशी चिकटते की खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकं फिरत असली तरी गाडी जागची हलत नाही. पांधणीत कंबरभर चिखल असेल तर तिथं ट्रॅक्टरच लागतो, आणि तो घरी असेल तर नुसत्या मालवाहतुकीसाठी चांगल्या टायरची टू व्हील बोलेरो पुरते. पण नाल्यापलीकडं वावर असेल, मेळघाटच्या चढणीवर किंवा गडचिरोलीच्या जंगलवाटांवर बारमाही जाणं-येणं असेल, रात्री-बेरात्री दवाखान्याला निघावं लागत असेल, तर फोर बाय फोर ही चैन नाही, गरज आहे.

आपल्याकडच्या बाजारात साधारण चार प्रकार दिसतात. पहिला, महिंद्राच्या जुन्या जीप, म्हणजे एमएम ५४०, ५५०. पुढं-मागं सरळ ॲक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग), साधं डिझेल इंजिन. गावातला मिस्त्रीही त्या खोलू शकतो. दुसरी मारुती जिप्सी. १९८५ पासून आलेली, पेट्रोल, वजनाला एक टनाच्या आसपास, म्हणून चिखलात रुतण्याआधी निघून जाते. १.३ लिटरची जिप्सीच घ्या, १ लिटरची ओझं घेऊन चढणीवर दमते. तिसरी २०१० ते २०२० मधली थार. हिच्यात २.५ लिटरचं सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन असेल तर ती फोर बाय फोरच असते, पण डीआय (जुन्या पद्धतीच्या डिझेल) इंजिनवाली टू व्हीलमध्येही आली होती. २०२० नंतरच्या नव्या थारमध्येही जानेवारी २०२३ पासून टू व्हील प्रकार आहे, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका, गिअरजवळ दुसरा लिव्हर आहे का ते डोळ्यांनी बघा. चौथी बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर. मागं हौदा असल्यानं खताच्या गोण्यांपासून स्प्रे पंपापर्यंत सगळं मावतं.

माझं मत विचाराल तर, मिस्त्री जवळ असेल आणि वेग नको असेल तर जुनी जीप. रोज तालुक्याला जायचं असेल तर सीआरडीई थार.

गाडी कुठून आली ते विचारा

नंबर प्लेट अर्धी गोष्ट सांगते. एमएच ३४ म्हणजे चंद्रपूर, २९ यवतमाळ, २७ अमरावती, ३३ गडचिरोली, ४० नागपूर ग्रामीण. वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात कामाला लागलेल्या कॅम्परचं मॅट उचला. खाली काळी बारीक धूळ साचलेली असेल, तर तीच धूळ एअर फिल्टरमधून इंजिनातही गेलेली असते. ताडोबा, पेंच, मेळघाटच्या सफारीतून बाहेर निघालेल्या जिप्सीचे किलोमीटर कमी दिसतात, पण ते सगळे पहिल्या-दुसऱ्या गिअरवरचे, धुळीतले असतात. क्लच, बुश आणि रेडिएटर झिजलेले धरूनच तिचा भाव करा. नागपुरात हौसेनं घेतलेली थार बहुधा सर्वांत चांगली निघते. तिचा दोष एवढाच की फोर व्हीलचा लिव्हर वर्षानुवर्षं हललेलाच नसतो आणि जाम झालेला असतो.

लष्करी लिलावातल्या जिप्सीची ओढ अनेकांना असते. तिचं आरटीओत रीतसर पासिंग होऊन नागरी आरसी तयार असेल तरच पैसे द्या. "होऊन जाईल" या शब्दावर पैसे अडकलेले मी पाहिले आहेत.

कागद

आरसी हातात घ्या आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून ताडून बघा. विम्याची मुदत, कर्जाचा बोजा असे तपशील तिथं दिसतात. थकलेले ई-चलान वेगळे तपासा. बोजा असेल तर फायनान्सवाल्याचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. हप्ते थकलेली गाडी वसुलीवाले तुमच्या अंगणातून उचलून नेतील आणि तुम्हाला काही बोलता येणार नाही.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आरटीओतली गाडी असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी. आदिलाबाद किंवा छिंदवाड्याकडची गाडी स्वस्त पडते, पण दुसऱ्या राज्यातून आणली की आपल्याकडं पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो. तो हिशेबात धरला की स्वस्ताई बरीचशी विरते. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करून घ्यायला १४ दिवस.

गाडी १५ वर्षांच्या वरची असेल तर पुनर्नोंदणी झाली आहे का बघा. ती ५ वर्षांसाठी होते, फिटनेस तपासूनच होते, आणि तिचं शुल्क व पर्यावरण कर तुमच्या खिशातून जाणार आहे.

चेसिस नंबर स्वतः वाचा. मातीचा थर पाण्यानं भिजवून, कापडानं पुसून वाचा, घासू नका. इंजिन नंबरही आरसीशी जुळवा. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं नवीन नाही, पण ते आरसीवर चढलेलं नसेल तर उद्या अपघातात विम्याचा दावा अडतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ बनावटीशी न जुळणारे बदल गाडीत करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे. म्हणून रुंद टायर, उंच केलेली बॉडी, पुढं लोखंडी गार्ड असली सजावट दिसली की भाव वाढवू नका, उलट कमी करा.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा आणि फोनवर सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विकणाऱ्यानं तुम्ही येण्याआधीच गाडी सुरू केली आहे. थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतं आणि ते लपवायचं आहे. सोबत टॉर्च, जुनं गोणपाट, एक स्क्रू ड्रायव्हर, पांढरं कापड आणि १७-१९ चा पाना घ्या. हाउसिंगच्या प्लगचा माप गाडीगणिक बदलतो, म्हणून शक्य असेल तर मिस्त्रीच सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी वाया जात नाही.

गोणपाट टाकून खाली झोपा. आपल्या काळ्या मातीचा एक गुण आहे: ती चेसिसच्या पोटात, पाट्यांच्या हँगरमागं, मागच्या चाकाच्या वर घट्ट बसते आणि दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते. पत्रा तिथंच सडतो. त्या जागी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. मंद, फुसका आवाज आला तर टोकानं हलकं टोचून बघा, पापुद्रा निघेल. पायाखालचा पत्रा सडलेला असेल तर तो बदलता येतो. चेसिसच सडलेली असेल, किंवा तिच्यावर ताजा वेल्डिंगचा पट्टा आणि त्यावर ताजा काळा रंग असेल, तर चहा पिऊन परत या.

मग मुख्य काम. मागच्या आणि पुढच्या हाउसिंगला दोन प्लग असतात, वरचा भरायचा आणि खालचा काढायचा. मालकाच्या परवानगीनं वरचा सोडा, बोट आत घाला आणि पांढऱ्या कापडावर पुसा. सोनेरी ते गडद तपकिरी, उग्र वासाचं तेल म्हणजे चांगलं. दुधाळ, फेसाळ असेल तर पाणी गेलेलं आहे. बोटाला काहीच लागलं नाही तर तेलाची पातळी कमी आहे, सील गळतं का ते बघा. गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर केसचंही (गिअर बॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) असंच बघा. कोणी "कशाला खोलता, कंपनी फिटिंग आहे" म्हणून अडवू लागला, तर त्यातच उत्तर मिळालं.

पाणी आत जातं कसं? चालून चालून हाउसिंग गरम झालेलं असतं. ते एकदम नाल्याच्या थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हाउसिंगची हवा जाण्या-येण्याच्या भोकातून) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. एकदा गेलेलं पाणी आपोआप निघत नाही.

खाली असतानाच जॉइंट शाफ्ट (ॲक्सलकडं जोर नेणारा फिरता दांडा) हातानं पिळून बघा. त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजला असेल तर टकटक हलेल. पाट्यांत तुटलेलं पान आहे का बघा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ आला तर बेअरिंग किंवा किंग पिन (जिच्यावर चाक वळतं ती) झिजलेली. मध्येच रस्त्यावर स्टीअरिंग थरथरायला लागण्याचा जुन्या जीपचा रोग बहुधा इथूनच सुरू होतो.

इंजिन सुरू करा आणि धूर बघा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही; नोजल, पंप किंवा नुसता चोंदलेला एअर फिल्टर. आता ऑइलचं झाकण उघडा. वाफ येणं वेगळं आणि भकाभका धूर येणं वेगळं. मिस्त्री म्हणतात "बॅक कॉम्प्रेशन मारते", म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. या दोषाला घाबरून गाडी सोडायची गरज नाही, पण इंजिन खोलायचा खर्च सरळ भावातून वजा करायला सांगा.

फोर व्हील खरंच जोडली जाते का, ते तपासायची रीत

हे डांबरी रस्त्यावर करू नका. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक सोसायची सोय नसते. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर चालतात. मातीत चाक घसरून ते निभावतं, डांबरावर सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. नांगरलेल्या वावरात किंवा मुरमाच्या मोकळ्या जागेत जा.

पुढच्या चाकाला हब लॉक (चाक ॲक्सलला जोडणारी कळ) असतील तर ते हातानं फिरवून लॉक करा. जाम असतील तर तेही एक कळलं. काही गाड्यांत हब व्हॅक्यूमवर चालतात. तिथं रबरी नळी फाटलेली असली की आत बसून लिव्हर टाकला तरी पुढची चाकं ओढत नाहीत. गाडी थांबवून ४एच (फोर व्हील, नेहमीचा वेग) टाका, स्टीअरिंग पूर्ण वळवा आणि सावकाश पुढं घ्या. स्टीअरिंग जड झालं, गाडी अडखळत वळली, तर पुढचा ॲक्सल ओढतोय. अगदी टू व्हीलसारखी हलकी वळली तर काहीतरी जोडलं गेलेलं नाही. मग ४एल (फोर व्हील, कमी वेग आणि जास्त जोर) टाका आणि धुऱ्यावर किंवा चढावर पहिल्या गिअरमध्ये चढवा. उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा. लिव्हर टक्कन न्यूट्रलला उडाला तर ट्रान्सफर केसचे गिअर झिजलेले आहेत. हा दोष नुसत्या सपाट चकरेत कधीच कळत नाही, म्हणून चढ-उतार असलेली जागा शोधाच.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर फोर व्हीलमध्ये ताण येतो.

भाव करताना

माझा नियम असा: खिशात शंभर रुपये असतील तर गाडीला पंचाहत्तर, बाकीचे पंचवीस पहिल्या मेंटेनन्सला. विकणारा नव्वदच्या खाली येत नसेल तर ती गाडी आपली नाही. जे दोष सापडले ते मिस्त्रीकडून खर्चासकट कागदावर लिहून घ्या आणि तो कागद समोर ठेवून बोला. असा कागद समोर असला की बोलणं भांडणावर जात नाही.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

पूजा करा, पेढे वाटा, पण वावरात नेऊ नका. आधी पोटाखालून प्रेशरनं धुवून घ्या, चेसिसच्या भोकांतून आतपर्यंत. सगळी माती निघाली, दोन दिवस उन्हात सुकली, की गंजलेल्या जागा ब्रशनं घासून प्रायमर आणि रंग.

मग सगळी तेलं. आधीच्या मालकानं "आत्ताच बदललं" सांगितलं तरी बदला. यात एक गोष्ट मनात पक्की ठेवा: हाउसिंग आणि गिअर बॉक्सचा वरचा भरायचा प्लग आधी सोडून बघा, मगच खालचा. उलटं केलं आणि वरचा जाम निघाला, तर तेल काढलेली गाडी जागेवर उभी राहते. गाडी थोडी चालवून आणा, गरम तेल घाणीसकट निघतं. खालच्या प्लगला बहुधा चुंबक असतं. त्यावर करडी, लोण्यासारखी लुकण असेल तर ती नेहमीची झीज. हाताला टोचणारे तुकडे असतील तर खोलल्याशिवाय पुढं जाऊ नका. दुधाळ तेल निघालं असेल तर नवं स्वस्त तेल भरून थोडं चालवा, ते काढा आणि मग चांगलं भरा. एका भरण्यात पाणी पूर्ण निघत नाही.

तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतला. हाउसिंगला चालणारं प्रत्येक ९० नंबरचं तेल गिअर बॉक्सला चालतंच असं नाही. काही तेलांतली रसायनं आतले पितळी भाग खातात, म्हणून दुकानदाराच्या "सगळं एकच" वर विश्वास ठेवू नका. ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर तिन्ही नवे. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सोडून पाणी काढायची सवय लावून घ्या.

रेडिएटरला आपल्याकडं फार लक्ष लागतं. नवतपात चंद्रपूर-नागपूरकडं पारा ४६ अंशांच्या पुढं जातो आणि बोअरचं पाणी क्षारांचं. वर्षानुवर्षं तेच ओतलेलं असेल तर आत खडा धरतो. सगळं काढून, फ्लश करून, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी भरा. बाहेरून बघाल तर जाळीत कुसळं आणि कपाशीचे पुंजके घट्ट बसलेले दिसतील. ते इंजिनच्या बाजूनं पुढच्या दिशेला हवा मारून काढा. पुढून मारली तर आणखी आत जातात. होज पाइप दाबून बघा, तडे दिसले की बदला. १.३ लिटरच्या जिप्सीचा टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तोही बदला.

ब्रेकचे मागचे ड्रम उघडा, पुढंही ड्रम असतील तर तेही. आत चिखलाची पूड निघेल. व्हील सिलिंडरभोवती ओल असेल तर तो गळतोय. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि उतारावर ब्रेक तापले की पेडल खाली जातं. चिखलदऱ्याच्या घाटात हे अनुभवायची वेळ येऊ नये. पुढच्या चाकांची बेअरिंग धुवून नवं ग्रीस भरा. शाफ्टच्या क्रॉसच्या, पाटे टांगणाऱ्या शॅकलच्या निप्पलांना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारा. निप्पल चिखलानं बंद असेल तर आठ-दहा रुपयांची नवी निप्पल लावा, पण तसंच सोडू नका.

हाउसिंगच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटमध्ये किंवा मागच्या दिव्याजवळ उंच नेऊन बांधा. खर्च फारच थोडा, आणि माझ्या पहिल्या जीपला ही नळी असती तर तिचा क्राऊन वाचला असता.

सोयाबीनच्या गोदामाजवळ उभ्या राहिलेल्या गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडलेली असते. डॅशच्या खालून टॉर्च मारून बघाच. बॅटरीचे आणि चेसिसचे अर्थिंग घासून स्वच्छ करा. अर्ध्या "इलेक्ट्रिक" तक्रारी तिथंच मिटतात.

गाडीत कायम ठेवायच्या वस्तू: चांगला जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी (काळ्या मातीत जॅक आत जातो, गाडी वर येत नाही), ओढायला रुंद पट्टा, तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या), फावडं, प्रेशर गेज आणि पंप. चिखलात टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की बूड रुंद होतं आणि पकड वाढते. डांबरी लागली की पुन्हा भरा. ओढायचा पट्टा कधीही बंपरला किंवा जॉइंट शाफ्टला बांधू नका, चेसिसच्या हुकालाच. आणि पट्टा ताणलेला असताना पोरांना लांब उभं करा.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट, विशेषतः चाकांचे आणि पाट्यांच्या यू बोल्टचे, पुन्हा आवळा. इंजिन ऑइलची काडी दर आठवड्याला बघा. फोर व्हीलचा लिव्हर महिन्यातून एकदा, मातीवर, शंभरेक मीटर तरी चालवून वापरा, म्हणजे तो जाम होत नाही.

मृग लागून नाले वाहू लागले आणि गाडी पहिल्यांदा पाण्यातून गेली, की त्या रात्री ती सपाट जागी उभी करा. रात्रभरात आत गेलेलं पाणी तळाशी बसतं. सकाळी सुरू करण्याआधी हाउसिंगचा खालचा प्लग अगदी सावकाश, थेंब येईल एवढाच सोडा आणि तळहातावर तो थेंब घ्या. तपकिरी, ओढला तर तार धरणारा असेल, तर प्लग घट्ट आवळून वावरात चला.